अर्नाळकर, बाबूराव

(९ जून १९०६–५ जुलै १९९६). मराठी रहस्यकथाकार. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. ‘अर्नाळकर’ हे टोपणनाव वसईच्या उत्तरेकडील, जलदुर्गासाठी प्रसिद्ध असलेल्या अर्नाळा या किनारी गावाच्या नावावरून बनले आहे. झुंजार, काळापहाड, धनंजय व त्याचा साहाय्यक छोटू ही त्यांची मानसपुत्रे मराठी वाचकांच्या किमान दोन पिढ्यांना परिचित होती. संख्येच्या दृष्टीने त्यांच्याइतके कथात्मक लेखन करणारा लेखक मराठीत विरळा. जगातही अशी उदाहरणे थोडी आहेत. वाङ्मयीन मानसन्मान मात्र त्यांच्या वाट्याला फारसे आले नाहीत. अफाट लोकप्रियता आणि अल्प मान्यता यांतील ही तफावत मराठी रहस्यकथेच्या इतिहासातील एक मध्यवर्ती प्रश्न असून अर्नाळकरांच्या लेखनजीवनाचा विचार त्याच्या संदर्भातच करावा लागतो.

पूर्वपीठिका : गुन्हा, त्याचा शोध आणि उलगडा या तीन टप्प्यांवर उभी असलेली कथा हे एकोणिसाव्या शतकातील नागर जीवनाचे अपत्य होय. अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याच्या ‘द मर्डर्स इन द रू मॉर्ग’ (१८४१) या कथेपासून तिचा आरंभ सामान्यतः मानला जातो. पुढे फ्रान्समध्ये एमील गाबोरिओ याने आणि इंग्लंडमध्ये विल्की कॉलिन्झ याने तिला कादंबरीचा विस्तार दिला. कॉलिन्झच्या ‘द मूनस्टोन’ (१८६८) या कादंबरीतील हिरा १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीतून इंग्लंडला गेलेला दाखविला आहे. वसाहतींचा या वाङ्मयप्रकाराशी असलेला संबंध इतका जुना आहे. आर्थर कॉनन डॉइल याचा शेरलॉक होम्स १८८७ मध्ये अवतरला. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे फर्गस ह्यूम याने ‘द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब’ (१८८६) ही कादंबरी स्वखर्चाने प्रसिद्ध केली होती. कोणती पुस्तके अधिक खपतात, अशी विचारणा त्याने एका पुस्तकविक्रेत्याकडे केली. गाबोरिओच्या कादंबऱ्या, असे उत्तर मिळाल्यावर त्या वाचून त्याने आपली कादंबरी रचली. तिच्या लंडन आवृत्तीच्या प्रती लाखोंनी खपल्या. पण ह्यूमने आपले हक्क अवघ्या पन्नास पौंडांना विकून टाकले होते. विक्री प्रचंड आणि लेखकाच्या पदरी थोडे, हा अनुभव या वाङ्मयप्रकाराच्या आरंभापासूनचा आहे.

भारतात या प्रकाराची लागण बंगाली, हिंदी, उर्दू, तमिळ व मराठी या भाषांत थोड्याफार अंतराने झाली. कलकत्ता पोलिसांच्या गुप्तचर विभागातील अधिकारी प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी १८९२ पासून ‘दारोगार दप्तर’ ही मालिका प्रसिद्ध केली. हिंदीत गोपालराम गहमरी यांनी १९०० मध्ये ‘जासूस’ हे मासिक काढले. मराठीतील परिस्थिती काहीशी निराळी होती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांनी वाचकाला अपहरण, वेषांतर, भुयारे व दुष्टांचे निर्दालन यांची गोडी आधीच लावली होती. त्यात इंग्रज कादंबरीकार जी. डब्ल्यू. एम्. रेनल्ड्झ याच्या कथानकांची भर पडली. गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी रेनल्ड्झच्या आधाराने लिहिलेल्या कादंबऱ्या आणि नाथमाधव यांची ‘वीरधवल’ सारखी कादंबरी यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत मोठा वाचकवर्ग निर्माण केला. तर्काने उकलणाऱ्या गुन्ह्यापेक्षा साहसाने उधळून लावला जाणारा कट या वाचकाला अधिक जवळचा होता. अर्नाळकरांना मिळालेला वारसा तो हा.

लेखनकाल आणि लेखनसंख्या : गिनीजच्या विक्रमग्रंथातील नोंदीनुसार १९३६ ते १९८४ या कालावधीत अर्नाळकरांच्या १,०९२ रहस्यकथा पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या, यांशिवाय त्यांनी काही कथेतर पुस्तकेही लिहिली. मराठीत १,०४२ हा आकडाही प्रचलित आहे. पुनर्मुद्रणे, नाव बदलून निघालेल्या आवृत्त्या व एका वेष्टनात आलेल्या जोडकथा यांची गणना कशी करावी, यावर अशा आकड्यांतील फरक अवलंबून असतो. गिनीजचा आकडा ग्राह्य धरल्यास अठ्ठेचाळीस वर्षांत दरसाल सरासरी तेवीस, म्हणजे महिन्याला जवळजवळ दोन पुस्तके, असे प्रमाण पडते. तुलनेसाठी, अगाथा क्रिस्टी हिच्या रहस्यकादंबऱ्यांची संख्या सहासष्ट असून जॉर्ज सीमनॉन याने आपल्या माइग्रे या पोलीस अधिकाऱ्यावर पंचाहत्तर कादंबऱ्या लिहिल्या. अर्थात अर्नाळकरांचे एकेक पुस्तक आकाराने दीर्घकथेएवढे वा लघुकादंबरीएवढे असे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

हे प्रमाण व्यक्तिगत विक्रमाच्या हौसेतून आलेले नाही. साध्या कागदावर छापलेले, हलक्या बांधणीचे, अल्प किंमतीचे, मालेतून ठराविक काळाने निघणारे पुस्तक हा त्यामागील व्यवहार होता. अशा पुस्तकात एका प्रतीमागे लेखकाला मिळणारी रक्कम तुटपुंजी असते. उपजीविका चालावयाची तर पुस्तकांची संख्या वाढविणे हाच मार्ग उरतो. वाचनालयांतील एका प्रतीचे वाचक अनेक, परंतु तिचे मोल लेखकाला एकदाच मिळते. मालेचा पुढील अंक वेळेवर निघाला नाही, तर वाचक दुसऱ्या मालेकडे वळतो. अर्नाळकरांच्या लेखनाचे गुण आणि मर्यादा या दोहोंचा उगम या व्यवहारात आहे.

नायक आणि कथाविश्व : अर्नाळकरांचे नायक स्थूलमानाने दोन प्रकारचे आहेत. धनंजय हा खाजगी गुप्तहेर असून छोटूच्या साहाय्याने तो गुन्ह्यांचा माग काढतो. हे युग्म होम्स–वॉटसन आणि १८९३ पासून चालत आलेल्या सेक्स्टन ब्लेक मालेच्या वळणाचे आहे. झुंजार व काळापहाड यांची जात वेगळी. ते कायद्याच्या कक्षेबाहेर राहून अन्यायाचे परिमार्जन करतात. धनदांडग्या दुर्जनाला लुबाडतात आणि दुर्बलाला आधार देतात. इंग्रजीतील रॅफल्स व फ्रेंचमधील आर्सेन ल्यूपँ या ‘सभ्य चोरां’शी त्यांचे नाते उघड आहे. तथापि झुंजारला विजया ही पत्नी आहे. साहसी जीवनालाही गृहस्थाश्रमाची बैठक देण्याची ही योजना मराठी वाचकाच्या संस्कारांशी जुळणारी होती.

कायद्याबाहेरचा नायक मराठीत इतका प्रिय का झाला, याचे एक कारण काळात शोधता येते. १९४७ पूर्वी पोलीस खाते हे परकीय सत्तेचे अंग होते. सत्याग्रहींवर लाठ्या चालविणाऱ्या खात्यातील अधिकारी नायक म्हणून वाचकाने मनापासून स्वीकारणे अवघड होते. न्यायाची चाड असलेला, पण सरकारी गणवेष नसलेला धाडसी पुरुष ही भूमिका त्या काळाला मानवणारी होती. स्वातंत्र्यानंतरही ती टिकून राहिली. कारण न्यायालयीन दिरंगाई व काळा बाजार यांनी सामान्य माणसाला शीघ्र न्यायाचे स्वप्न हवेसे करून ठेवले होते.

कथानकांची घडण पुष्कळदा पाश्चात्त्य असली, तरी त्यांची भूमी बव्हंशी मुंबई आहे. वेगवान संवाद, छोटी वाक्ये, प्रकरणाच्या अखेरीस ताणलेली उत्कंठा आणि सुष्ट-दुष्टांची स्पष्ट विभागणी ही त्यांच्या शैलीची वैशिष्ट्ये होत. शृंगाराचा बटबटीतपणा त्यांनी सामान्यतः टाळला, त्यामुळे त्यांची पुस्तके घरातील सर्वांच्या हाती जाऊ शकली. पात्रांच्या मनोव्यापारांचा शोध, गुन्ह्यामागील सामाजिक कारणांची चिकित्सा किंवा पुराव्यांची काटेकोर मांडणी यांना मात्र त्यांत फारसा वाव नाही. उकल अनेकदा तर्कापेक्षा योगायोगाने वा नायकाच्या पराक्रमाने होते.

वाचकवर्ग : या लेखनाचा वाचक प्रामुख्याने शहरी, अल्पशिक्षित वा नवशिक्षित होता, पण विद्यार्थी, कारकून आणि उच्चशिक्षित यांचाही त्यात भरणा होता. मुंबईतील गिरण्या, गोदी व पेढ्या यांत काम करणारा आणि गणपती-शिमग्याला म्हसळा, श्रीवर्धन, माणगाव, महाड अशा गावी परतणारा कोकणी चाकरमानी हा त्याचा एक प्रातिनिधिक नमुना म्हणता येईल. म्हसळा हे १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात मोडणारे, राजपुरी खाडीच्या आतील अंगाचे गाव. अशा गावातून आलेल्या माणसाला मुंबई एकाच वेळी पोटाचे साधन आणि भयाचे ठिकाण वाटे. रहस्यकथेतील मुंबईत काळोख्या गल्ल्या व फसवे सभ्य गृहस्थ असत. परंतु शेवटच्या पानावर अपराध्याला शासन होई. अनोळखी नगराविषयीची धास्ती व्यक्त करून ती शमविण्याचे हे कार्य सामाजिक दृष्ट्या उपेक्षणीय नाही. सलग वाचनाची सवय लावण्यातही या पुस्तकांचा वाटा मोठा आहे. पुढे गंभीर वाङ्मयाकडे वळलेल्या अनेक वाचकांच्या वाचनाचा प्रारंभ त्यांपासूनच झाला.

समीक्षा आणि मान्यता : मराठी समीक्षेने रहस्यकथेकडे प्रायः करमणूक म्हणून पाहिले. जीवनदर्शन, अनुभवाची सेंद्रियता व कलात्मक आकृतिबंध या निकषांवर ती उतरत नाही, असा सर्वसाधारण अभिप्राय होता. साहित्य अकादमीचे पुरस्कार १९५५ पासून सुरू झाले. त्यांत मराठी रहस्यकादंबरीला स्थान मिळाले नाही. अनंत अंतरकर यांनी संपादिलेल्या ‘हंस’, ‘मोहिनी’ व ‘नवल’ या मासिकांनी आणि ‘धनंजय’ सारख्या दिवाळी अंकांनी भय, गूढ व रहस्य या प्रकारांतील कथांना व्यासपीठ दिले. तथापि वर्षाकाठी उत्तम रहस्यकादंबरी निवडून तिची चिकित्सा करणारी व तिच्या लेखकाला पाठबळ देणारी परंपरा मराठीत रुजली नाही.

या उणिवेचे स्वरूप एका योगायोगातून स्पष्ट होते. १९६४ मध्ये इंग्रज लेखक एच्. आर्. एफ्. कीटिंग याने ‘द पर्फेक्ट मर्डर’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक गणेश घोटे हा मुंबई पोलीस दलातील मराठी नावाचा अधिकारी होय. या कादंबरीला ब्रिटनमधील गुन्हेकथालेखक संघाचे ‘गोल्ड डॅगर’ हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. कीटिंगने तोवर मुंबई पाहिलीही नव्हती. तो भारतात आला तो सुमारे दहा वर्षांनंतर. मुंबईतील गुन्ह्यावरची कथा पारितोषिकास पात्र ठरू शकते, हे यावरून दिसले. त्याच सुमारास त्याच शहरावर महिन्याला दोन पुस्तके लिहिणाऱ्या लेखकासाठी मराठीत असे कोणतेही पारितोषिक नव्हते.

तौलनिक विचार : शरदिंदु बंद्योपाध्याय यांचे उदाहरण अधिक जवळचे आहे. त्यांचा व्योमकेश बक्षी १९३२ मध्ये बंगालीत अवतरला. १९३८ मध्ये चित्रपटलेखनासाठी ते मुंबईस आले आणि १९५२ मध्ये पुण्यास स्थायिक झाले. म्हणजे अर्नाळकरांच्या ऐन भराच्या काळात दोघेही एकाच शहरात लिहीत होते. चित्रपटांतून अर्थप्राप्ती होत असल्याने शरदिंदूंनी व्योमकेशला जवळजवळ दीड दशक बाजूस ठेवले आणि १९५१ च्या सुमारास पुन्हा हाती घेतले. त्यांच्या पूर्ण व्योमकेशकथा अवघ्या बत्तीस. बंगालीत ऐतिहासिक कादंबरीकार म्हणून त्यांची प्रतिष्ठा होती, त्यांना रवींद्र पुरस्कारही लाभला (१९६७), आणि त्या प्रतिष्ठेची छाया त्यांच्या रहस्यकथांवरही पडली. थांबण्याची ही मुभा अर्नाळकरांना नव्हती.

मान्यतेचा वाङ्मयप्रकारावर कसा परिणाम होतो, हे ऑस्ट्रेलियाच्या अलीकडील इतिहासात स्पष्ट दिसते. ह्यूमनंतर तेथे आर्थर अपफील्ड व पीटर कॉरिस यांसारखे लेखक होऊन गेले. १९९६ मध्ये, म्हणजे अर्नाळकरांच्या निधनाच्याच वर्षी, तेथे गुन्हेकथांसाठी ‘नेड केली’ पुरस्कार सुरू झाले. त्याच वर्षी पीटर टेंपल (१९४६–२०१८) याची पहिली कादंबरी ‘बॅड डेट्स’ प्रसिद्ध झाली. जन्माने दक्षिण आफ्रिकी असलेल्या या लेखकाला पुढे पाच वेळा नेड केली पुरस्कार मिळाला. ‘द ब्रोकन शोर’ (२००५) या कादंबरीला २००७ मध्ये ब्रिटनचे वर उल्लेखिलेले सर्वोच्च पारितोषिक लाभले आणि ‘ट्रूथ’ (२००९) हिला २०१० मध्ये माइल्स फ्रँक्लिन हा ऑस्ट्रेलियातील सर्वश्रेष्ठ साहित्यपुरस्कार देण्यात आला. तो गुन्हेकथांसाठी राखीव नव्हता. किनारी गावातील आदिवासी तरुणांवरील संशय, पोलीस दलातील हितसंबंध व राजकारण हे या कादंबऱ्यांचे विषय आहेत. टेंपलच्या कादंबऱ्यांची एकूण संख्या नऊ. नऊ आणि एक हजार ब्याण्णव या दोन आकड्यांतील अंतर हे केवळ दोन लेखकांच्या प्रकृतिभेदाचे नाही, तर दोन वाङ्मयव्यवस्थांचे आहे. एकीने लेखकाला एका पुस्तकासाठी काही वर्षे दिली; दुसरीने पंधरा दिवस.

उत्तरकाल : अर्नाळकरांच्या पाठोपाठ एस्. एम्. काशीकर, गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर (१९४८–२००३) प्रभृतींनी रहस्यकथेची परंपरा चालविली. नाईकांच्या पुस्तकांची संख्याही हजारावर जाते. म्हणजे बाजाराचे गणित पुढील पिढीतही बदलले नव्हते. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी भयकथेचे स्वतंत्र दालन उभे केले. शिरवळकरांनी दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, अमर विश्वास असे नायक निर्माण केले. तथापि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते ‘दुनियादारी’ (१९८२) या महाविद्यालयीन जीवनावरील कादंबरीमुळे. दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर आणि मुंबईतील गिरणीवस्ती १९८२ च्या संपानंतर विस्कटल्यावर पुस्तकमालांचा मूळ वाचक पांगला.

याच काळात गुन्ह्याचे वास्तवही पालटले. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी बाँबस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांसाठीची शस्त्रे व स्फोटके त्या वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत रायगडच्या किनाऱ्यावर दिघी व शेखाडी येथे उतरविण्यात आली होती. त्या किनाऱ्यावरून मुंबईकडे जाणारी वाट म्हसळा–माणगाव अशी आहे. २००६ मध्ये विशेष न्यायालयाने दिलेल्या निर्णयात काही पोलीस व सीमाशुल्क कर्मचारीही दोषी ठरले. खाड्यांतून चालणारा चोरटा व्यापार रहस्यकथेला नवा नव्हता. परंतु ज्यांनी पहारा द्यावयाचा त्यांनीच वाट मोकळी करून देणे, हा गुन्हा एकट्या झुंजारच्या पराक्रमाने मिटणारा नव्हता. त्यासाठी संथ, चिकित्सक व व्यवस्थेचा वेध घेणाऱ्या कादंबरीची गरज होती. ऑस्ट्रेलियात टेंपलने अशा कादंबरीला वाङ्मयीन प्रतिष्ठा मिळवून दिली. मराठीत तिच्यासाठी वाचक अर्नाळकरांनी घडविलेला होता. लेखकाला लागणारा अवकाश मात्र कोणी निर्माण केला नव्हता.

मूल्यमापन : अर्नाळकरांचे लेखन श्रेष्ठ कलाकृतींच्या मालिकेत बसत नाही, हा समीक्षेचा निर्णय बव्हंशी मान्य करावा लागेल. परंतु त्या निर्णयाबरोबरच समीक्षेने त्या लेखनाकडे पाहणेच थांबविले, ही चूक होय. परकीय साच्यांचे देशीकरण, मुंबईचे कल्पनाचित्र, वसाहतकालीन न्यायभावना, पुस्तकव्यवसायाचे अर्थकारण आणि साक्षरतेचा प्रसार या सर्वांच्या अभ्यासासाठी अर्नाळकरांची पुस्तके ही महत्त्वाची साधने आहेत. ती साध्या कागदावर छापलेली असल्याने नाशवंत आहेत. हाताळून जीर्ण झालेल्या अशा प्रती वाचनालये सर्वप्रथम मोडीत काढतात. त्यांच्या निवडक कथांची पुनर्मुद्रणे झाली आहेत. तथापि १,०४२ की १,०९२ या प्रश्नाचे उत्तर देणारी शास्त्रशुद्ध वर्णनात्मक सूची आणि उपलब्ध प्रतींचे जतन ही कामे अधिक निकडीची आहेत. पुरस्कार मरणोत्तर देता येतो, पुस्तक नष्ट झाल्यावर त्याची सूची करता येत नाही.